मालगुजारीण आणि चार वाट्या बासी

ज्यांच्या घरी म्हातारी कोंबडी आहे आणि जे तिले कापत नाहीत, अशा लोकांसाठी मी हे लिहून राहिली. बाकीच्यांनी वाचलं तरी चालते, पण हसायचं नाही. हसणारे मले पुष्कळ भेटले. ऑटोत भेटले, दवाखान्यात भेटले, माह्या स्वतःच्या घरात भेटले. माणूस बिमार पडला तर काय करायचं हे सांगाले सारा गाव येतो. कुत्रा बिमार पडला तरी आजकाल कोणी ना कोणी सांगते. कोंबडी बिमार पडली तर लोक एकच गोष्ट सांगतात, आणि त्यात कांदे किती घालायचे तेही सांगतात.

म्हणून म्हटलं, आपणच लिहावं. डॉक्टरकी मले येत नाही. मी रायपूरच्या भनपुरीत राहणारी बाई, घरी शिलाईचं काम करते, ब्लाऊज आणि फॉल-पिको. जे आमच्या घरात झालं ते सांगते. त्यातलं काही तुमच्या कामी आलं तर घ्या, नाही आलं तर राहू द्या.

तिचं नाव

आम्ही मूळचे भंडाऱ्याकडचे. पिंकीचे बाबा उरल्याच्या एका कारखान्यात लागले म्हणून लग्नानंतर इकडे आलो आणि इथलेच झालो. पिंकी आमची एकुलती एक पोट्टी. मराठी सगळं समजते, उत्तर मात्र हिंदीत देते. रायपूर छत्तीसगडची राजधानी झाली तेव्हा जिकडे पाह्यलं तिकडे खोदकाम चालू होतं, लाल दिव्याच्या गाड्या फिरत होत्या, आणि जो तो म्हणे, आता जमीन घेऊन ठेवा. आम्ही जमीन नाही घेतली. बीरगांवच्या बाजारातून कोंबडीची दोन पिल्लं घेतली.

एक काळीभोर, चपळ, हातात न येणारी. ती बिजली. दुसरी तांबूस, मानेवर सोनेरी झाक, आणि चाल अशी की गावची मालकीण शेतावर फेरी माराले निघाली आहे. पिंकीच्या बाबांनी लगेच नाव ठेवलं, मालगुजारीण. त्यांच्या गावाकडे मालगुजाराच्या घरची बाई अशीच चालायची म्हणे, कोणाकडे पाह्यचं नाही आणि सगळं पाह्यचं.

राजधानी म्हणायची आमच्या जिभेले सवय होईपर्यंत कोंबड्या म्हाताऱ्या झाल्या. मालगुजारणीनं आधी अंडी कमी केली, मंग बंदच केली. एका डोळ्यावर पांढरा पडदा आला. संध्याकाळी बांबूवर उडून बसाले गेली की धपकन खाली पडे, आणि पडली की आधी इकडे तिकडे पाहे, कोणी पाह्यलं तर नाही ना म्हणून. मी बांबू खाली आणला आणि विटांच्या पायऱ्या केल्या. ज्या बाजूनं तिले दिसत नाही त्या बाजूनं बिजली येऊन तिचे दाणे पळवायची, म्हणून दोघींचं ताट वेगळं केलं. नखं वाढून वाकडी झाली होती, ती थोडी थोडी कापली. एवढं केलं तर बाई पुन्हा अंगणात मालकिणीसारखी फिराले लागली. म्हातारपण म्हणजे बिमारी नव्हे, हे मी तिच्याकडून शिकली. बांबू खाली आणला की निम्मं म्हातारपण कमी होते.

लोकांचं तोंड मात्र बंद होत नव्हतं. "अंडी देत नाही, मंग काहून पोसून राहिली?" मी म्हणायची, "तुमच्या घरी सगळे अंडी देतात का?"

नवतपा

बिमारी आली ती नवतप्यात, उन्हाळ्यातल्या त्या नऊ जळत्या दिवसांत. ज्यांनी रायपूरचा नवतपा पाह्यला नाही त्यांना काय सांगू, सकाळी नऊ वाजले की बाहेर डोकं काढायची सोय नाही. त्यात कारखान्यांची काळी धूळ. अंगण झाडलं की दुपारपर्यंत पुन्हा काळं.

या दिवसांत इथं घरोघरी बासी खातात. रात्रीचा भात पाण्यात भिजवून ठेवायचा आणि दुसऱ्या दिवशी कांदा, मीठ घेऊन खायचा. पोटाले थंडावा. आम्हीही इतकी वर्षं इथं राहून बासीवालेच झालो. मालगुजारणीले ऊन सोसत नव्हतं, चोच उघडी ठेवून हापून राहिली होती, म्हणून मी तिलेही बासी देऊ लागली. ती आवडीनं खायची.

मंग एक दिवस ती अंगणात गोळा होऊन उभी राहिली. पिसं फुगलेली, शेपूट खाली, पंख लोंबलेले. गळ्याखाली कोंबडीची दाणे साठवायची थैली असते, ती टम्म फुगली होती. मले वाटलं, पोटभर खाल्लं असन. दुसऱ्या दिवशी सकाळी पाह्यलं तर थैली तशीच, आणि बाई दाण्यासाठी धावत आली नाही. मालगुजारीण दाण्याले आली नाही म्हणजे काय ते तिचा स्वभाव माहीत असलेल्यालाच कळन.

शेजारची दुलारीबाई भिंतीवरून वाकून पाहून म्हणाली, "गरमी धर लिस हे बहिनी. बासी दे, जुड़ा जाही." उष्णता झाली, बासी दे, थंड होईन. मी दिली.

त्या संध्याकाळी तिले मांडीवर घेतली तर तिच्या चोचीतून आंबलेल्या पिठासारखा वास आला. थैलीले हात लावला तर पाण्याच्या फुग्यासारखी डुबडुब हलली. तिनं मान वाकडी केली आणि डोळे मिटले. पिंकी रडाले लागली. "मम्मी, ये मर जाएगी क्या?" मी म्हटलं, "गप बस, काही होत नाही."

दवाखान्यात

दुसऱ्या दिवशी पिंकीच्या बाबांची सुट्टी होती. भाजीच्या थैल्यात खाली जुनी ओढणी टाकून मी मालगुजारणीले बसवली, मान बाहेर. ऑटोत आम्ही तिघं आणि दुलारीबाई. तिले कोणी बोलावलं नव्हतं. ती म्हणाली, कोंबडी अर्धा दिवस तिच्या अंगणात राहते, म्हणजे तिचीही आहे.

ऑटोवाला आरशातून पाहून म्हणाला, "दीदी, दावत है क्या?"

मी म्हटलं, "भैया, सड़क देख के चलाओ, नहीं तो दावत तुम्हारे घर में होगी." दुलारीबाई इतकी हसली की तिचा पदर ऑटोच्या बाहेर उडाला.

जनावरांच्या सरकारी दवाखान्यात पूर्वी म्हणे गाई-बैल असायचे. राजधानी झाल्यावर कुत्रेच कुत्रे, तेही साहेब लोकांचे. आमच्या मागून एक शिपाई भलामोठा अल्सेशियन घेऊन आला आणि सरळ पुढे जाऊ लागला. "साहब का टाइगर है, पहले जाएगा."

मी थैला पुढे केला. "और ये मालगुजारिन है. ये किसी के पीछे खड़ी नहीं होती."

लोक हसले, पण शिपाई थांबला. मले वाटते, कुत्र्यानंच त्याले थांबवलं. मालगुजारणीनं आपला एक चांगला डोळा कुत्र्यावर रोखला होता. बिमार असली तरी नजर होती.

डॉक्टर मॅडम तरुण होत्या, नवीनच आलेल्या. त्या हसल्या नाहीत. हे मी त्यांचं कधी विसरणार नाही. त्यांनी कोंबडीले तसंच हातात घेतलं जसं मूल घेतात. थैली दाबून पाह्यली, चोच उघडून वास घेतला, आणि विचारलं, "खिलाते क्या हैं?"

मी सांगितलं, दाणा, कनकी म्हणजे तांदळाची कणी, आणि उन्हाळा म्हणून सकाळी एक वाटी बासी.

बाजूले पिंकीचे बाबा खाकरले. "मैं भी देता हूँ. ड्यूटी से आने के बाद. एक कटोरी."

मी त्यांच्याकडे पाह्यलं. ते भिंतीकडे पाहून राहिले.

"मम्मी," पिंकी हळूच म्हणाली, "दोपहर में मैं भी देती थी. तुम सोती थी ना."

आणि दुलारीबाई डोक्यावरचा पदर ओढून म्हणाली, "अउ संझा के मंय." आणि संध्याकाळी मी.

डॉक्टर मॅडमनं पेन खाली ठेवलं. "मतलब ये बूढ़ी मुर्गी दिन में चार बार खट्टा भात खा रही थी?"

बाप्पा! आम्ही चौघं एकमेकांकडे पाहत राहिलो. प्रत्येकाले वाटे, आपण एकटेच तिची काळजी घेऊन राहिलो. प्रत्येकानं दुसऱ्यापासून लपवून दिलं, कारण घरात आधीच बोलणं चालू होतं की कोंबडीचे फार लाड चालले आहेत. मॅडमनं समजावून सांगितलं. म्हाताऱ्या कोंबडीची थैली सैल पडते, लवकर रिकामी होत नाही. त्यात ओला, आंबलेला भात वरच्या वर पडत गेला, तो खाली उतरेना, आतच सडला आणि बुरशी धरली. ज्याले आम्ही थंडावा समजून राहिलो होतो तेच तिले मारून राहिलं होतं.

दुलारीबाई तिथंच खाली बसली. "मोर हाथ ले होगे," ती म्हणाली, माह्याच हातानं झालं. मी तिले उठवलं. म्हटलं, चार हातांनी झालं, आता चार हातांनीच नीट करू.

मॅडमनं औषध दिलं. पूर्ण एक दिवस फक्त पाणी, दाण्याचा कण नाही. मंग थोडं थोडं मऊ. थैली हलक्या हातानं चोळायची. "और उल्टा लटका के उल्टी मत करवाना, कोई कितना भी बोले. पानी साँस में चला जाएगा." तुमच्याही घरी कोणी उलटं धरायचा सल्ला दिला तर त्याले आधी दाराबाहेर काढा.

निघताना मी विचारलं, ही वाचन का? त्या म्हणाल्या, "सुबह हाथ लगा के देखना. रात भर में थैली खाली हो जाए तो समझो बच गई. नहीं हुई तो काट के साफ करना पड़ेगा, और इस उमर में मैं कुछ बोल नहीं सकती."

घरचा दवाखाना

माह्या शिलाई मशीनच्या बाजूले, कूलरच्या झोताच्या जरा आडोशाले, फळवाल्याकडून आणलेला लाकडी खोका ठेवला. खाली वर्तमानपत्र, वर ओलं पोतं. सकाळी औषध, दुपारी चोळणं, संध्याकाळी औषध, पुन्हा चोळणं. ड्रॉपर चोचीच्या कडेनं हळूच घालायचा, सरळ घशात नाही. पहिल्यांदा अर्धं औषध माह्या ब्लाऊजवर गेलं. चोळताना बोटं वरून खाली फिरवायची, पीठ मळल्यासारखं दाबायचं नाही. मी चोळायची तेव्हा ती माह्याकडे अशी पाहे जशी मी तिची मोलकरीण आहे आणि काम नीट करत नाही. ती नजर असली की मले धीर यायचा. ती डोळे मिटून घेई तेव्हा धीर जायचा.

सगळ्यात कठीण काय होतं सांगू? औषध नाही, वास नाही, विष्ठा साफ करणंही नाही. तिले भेटाले येणारे लोक. आमच्या पाऱ्यात, म्हणजे मोहल्ल्यात, बिमाराले पाह्याले कोणी रिकाम्या हातानं येत नाही. बातमी पसरली आणि सुरू झालं. कोणी फुटाणे आणते, कोणी भिजवलेले चणे, एकजण तर देवीचा प्रसाद घेऊन आली, शिरा, तूप सुटलेला. "थोडासा दीदी, भगवान का है." मी म्हटलं, भगवानालाच सांगा, डॉक्टरनं बंद केलं आहे. दुलारीबाईनं दारात पाट टाकला आणि तिथंच बसून तांदूळ निवडू लागली. जो येईन त्याची मूठ आधी उघडून पाहे. ती दारात बसली म्हणून मले दोन घास सुखानं खाता आले.

घरात चिडचिड होतीच. लग्नसराईचे ब्लाऊज पडून होते, गिऱ्हाईक येऊन ओरडून जायचं. स्वयंपाक वेळेवर नाही. पिंकीचे बाबा एकदा म्हणाले, "कोंबडीचं ठीक आहे, पण माणसांनीही उपाशी राहायचं का?" मी म्हटलं, "हात आहेत ना? भाकर टाका." त्यांनी टाकली. जळली, पण टाकली.

पहिला दिवस पाण्यावर गेला. मंग थैली जरा उतरली. मऊ केलेली कनकी चिमूटभर दिली, दह्याचं बोट चाटवलं. पुढच्या दिवशी तिनं खोक्यात उभं राहून पंख झाडले. आम्हाले वाटलं, जिंकलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी थैली पुन्हा टम्म. तोच आंबूस वास. आणि चोचीच्या कडेले पांढरं शीत चिकटलेलं.

मी ते शीत बोटावर घेतलं आणि घरभर फिरली. दुलारीबाईनं आपल्या लेकराची शपथ घेतली. पिंकी म्हणाली, "मैंने नहीं दिया, सच्ची." आणि मंग ती बापाकडे वळली. "पापा?"

पिंकीचे बाबा दाढी करत होते. अर्ध्या गालावर फेस. म्हणाले, "अगं, ती माह्याकडे पाहून राहिली होती."

एवढंच. इतका मोठा माणूस, कारखान्यात लोखंड वितळवणाऱ्या भट्टीजवळ उभा राहतो, आणि कोंबडीनं पाह्यलं म्हणून विरघळला. दुसरा कोणता दिवस असता तर मी हसली असती. त्या दिवशी मी जे बोलली ते इथं लिहीत नाही. मंग बोलणंच बंद केलं. चहाचा कप त्यांच्यापुढे असा ठेवला की अर्धा चहा बशीत आला.

मी पीसीओवर जाऊन मॅडमले फोन लावला. त्या रागावल्या नाहीत, पण आवाज उतरला. म्हणाल्या, आजचा दिवस पुन्हा फक्त पाणी आणि औषध. उद्या सकाळी थैली भरलेली राहिली तर घेऊन या, मंग कापल्याशिवाय इलाज नाही.

भासरे आले

आणि नेमके त्याच दुपारी माहे भासरे आले, पिंकीच्या बाबांचे मोठे भाऊ. ते राजनांदगावले राहतात. राजधानी झाल्यापासून सगळ्या नातेवाइकांच्या फाइली रायपुरात अडकतात, आणि फाइलीमागे नातेवाईक आमच्याकडे येतात.

त्यांनी खोका पाह्यला, ड्रॉपर पाह्यला, पोतं पाह्यलं. "हे काय, दवाखाना मांडला काय?"

मी पाणी दिलं आणि स्वयंपाकघरात गेली. पण आमचं घर केवढंसं, सगळं ऐकू येते.

"नामदेव," ते पिंकीच्या बाबांले म्हणाले, "माहं ऐक. उद्या मरन तर वाया जाईन. बिमारी थैलीत आहे, मांसात नाही. आज संध्याकाळी कापून टाक. रस्सा होईन, तिचेही हाल संपतीन, अन् तुही बायको मोकळी होईन."

माह्या हातातली कढई तशीच राहिली. कारण हा आवाज मी आधी ऐकला होता, याच घरात, याच भिंतीआडून.

पिंकी लहान होती तेव्हा मले टीबी झाली होती. माहा कप वेगळा, ताट वेगळं, पोट्टी माह्याजवळ येऊ देत नव्हते. लोक दारातूनच विचारपूस करून जायचे. त्या दिवसांत भासरे आले होते आणि म्हणाले होते, "हिले माहेरी पाठवून दे. बरी झाली तर आणजो." पिंकीचे बाबा काही बोलले नव्हते. ना हो, ना नाही. मी आत पडल्या पडल्या वाट पाहत होती की ते काय म्हणतात, आणि ते काहीच म्हणाले नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी नेहमीसारखी गोळी आणि पाण्याचा ग्लास आणला आणि मी गिळेपर्यंत उभे राहिले. मी माहेरी गेली नाही. इथंच बरी झाली. पण त्यांचं ते गप राहणं मले आतमध्ये कुठंतरी टोचतच राहिलं. मले कधी कळलंच नाही, पाठवायचं नव्हतं म्हणून नाही पाठवलं, की नुसतं जमलं नाही म्हणून.

आताही बाहेर शांत होतं. मी मनात म्हटलं, हा माणूस आताही गपच राहीन.

मंग आवाज आला. "दादा, कुंदा बिमार होती तवाही तू असंच म्हटलं होतं. ते तर माणूस होतं."



"मी भल्यासाठीच म्हटलं होतं," भासरे म्हणाले.

"माहीत आहे. पण मी नाही पाठवलं. पाठवणारच नव्हतो. अन् हिलेही नाही कापत."

मी गॅस बंद केला आणि ओट्याले टेकून रडली. मोठ्यानं नाही, पण पोटभर. कोंबडीसाठी की माह्यासाठी, कोणास ठाऊक. इतकी वर्षं ज्या उत्तराची वाट पाहून राहिली होती, ते मले एका म्हाताऱ्या कोंबडीच्या बिमारीत मिळालं. बाहेर आली तर पिंकीचे बाबा खोक्यापुढे मांडी घालून बसले होते आणि आपल्या जाड, भाजलेल्या बोटांनी मालगुजारणीची थैली वरून खाली चोळून राहिले होते. मी म्हटलं, "जरा हळू." सकाळपासूनचा अबोला तिथंच संपला.

संध्याकाळी वांग्याची भाजी केली. भासरे तीच जेवले. मालगुजारीण डोळे मिटून एका कुशीवर टेकली होती. मी पाणी पाजलं तर अर्धं चोचीतून बाहेर आलं. मले खरंच वाटलं, ही आता जाते. मी तिले सांगून टाकलं, "तुले जायचं असन तर जा बाई, पण आम्ही तुले पाठवून राहिलो नाही." माणसांनी कोंबडीशी असं बोलावं का, हे मले विचारू नका. तशी वेळ आली तर तुम्हीही बोलान.

सकाळ

भनपुरीत सकाळ ट्रकांच्या हॉर्ननं होते. मी उठली आणि खोक्यापाशी गेली, पण हात लावायची हिंमत होईना. पिंकी उठून आली. पिंकीचे बाबा उठून आले. दुलारीबाई भिंतीवरून टाचा उंचावून पाहून राहिली होती. "देख ना बहिनी," ती म्हणाली. पाह्य ना.

मालगुजारीण उभी होती. हे आधी दिसलं. मी पिसांखाली हात घातला आणि गळ्याखाली थैली शोधली. सापडेना. पुन्हा शोधली. हाताले नुसती कातडी लागली, सैल, मऊ, आणि त्याखाली छातीचं हाड. डुबडुब नाही, फुगा नाही. वास घेतला. कोंबडीचा वास, बस.

"रिकामी आहे," मी म्हटलं. मंग आवाज असा निघाला की मले स्वतःले माहीत नव्हतं एवढा आवाज माह्यात आहे. मी गाऊनवरच, केस मोकळे, गल्लीत पळाली. "खाली है! खाली है! खाली हो गई!" दारं उघडली. चहाच्या टपरीवर झोपलेला एक ट्रकवाला ताडकन उठून म्हणाला, "कौन सी गाड़ी खाली है दीदी?" दुलारीबाई हात वर करून ओरडली, "हमर मालगुजारिन!" प्रसादाचा शिरा घेऊन आलेली ती बाई, फुटाणेवाली, चणेवाली, सगळ्या आमच्या दारात गोळा झाल्या. ह्या वेळी सगळ्यांचे हात रिकामे होते, कारण दुलारीबाई दारात होती. पण टाळ्या वाजवाले रिकामेच हात लागतात.

पिंकी नाचून राहिली होती. पिंकीचे बाबा खोक्याजवळ उभे राहून सारखे आपला चष्मा पुसून राहिले होते. मी ऊर भरून हसली, त्यांच्या दंडाले धरून हसली. जन्मात कधी परीक्षेत पहिली आली नाही, पण पहिले येणाऱ्यांले असंच वाटत असन.

तेवढ्यात भासरे तोंड धुऊन, खांद्यावर टॉवेल टाकून आले. सरळ खोक्यापाशी गेले. मंग म्हणाले, "पाहू."

मी बाजूले झाली. ते वाकले आणि मालगुजारणीच्या गळ्याखाली बोट लावलं, अलगद, जसं मॅडमनं लावलं होतं तसं. "हव," ते म्हणाले. "रिकामीच आहे."

मालगुजारणीनं चांगला डोळा त्यांच्यावर लावला. मान मागे घेतली, आणि अशी चोच मारली की भासरे टॉवेलासकट मागे उडाले. बोटातून रक्त आलं. पूर्ण पारा हसला. पिंकीचे बाबा तर इतके हसले की खाली बसले.

मी आतून हळद आणली आणि भासऱ्यांच्या बोटाले लावाले लागली. म्हटलं, "भाऊजी, बिमार कोंबडी एवढ्या जोरात चावत नाही."

ते बोटाकडे पाहून राहिले होते. मंग माह्याकडे पाह्यलं, इतक्या वर्षांत पहिल्यांदा सरळ. म्हणाले, "माहीत आहे. तू बरी झाली तवा मीच पहिला तुह्या तावडीत सापडलो होतो, चांगलंच सुनावलं होतं तू मले. तवाच म्हटलं होतं मनात, चला, वाचली."